मझौलीचा वराह : कलाकृतीचे अर्थग्रहण
मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात मझौली येथे विष्णू-वराहाचे मंदिर आहे. मूळ मंदिर त्रिपुरीच्या कलचुरींच्या काळातील, बहुधा अकराव्या शतकातील असून सध्याची वास्तू बरीचशी नंतरची आहे. मूर्ती मानवी धडाची नसून पूर्ण पशुरूप आहे. वराहाच्या अंगावर देवदेवतांच्या लहान आकृती ओळीने कोरलेल्या आहेत.

मूर्तिशास्त्रानुसार हा यज्ञवराह : बुडालेली पृथ्वी वर काढणाऱ्या त्याच्या देहात सारी देवसृष्टी सामावलेली. एवढ्यावर थांबले, तर मूर्ती पुराणकथेचे केवळ चित्र ठरते. इतिहासकार तिच्यामागची सत्ता शोधतात. उदयगिरीचा सुमारे इ. स. 400 चा नृवराह गुप्त सम्राटाच्या पराक्रमाशी जोडला जातो. एरणच्या वराहावर तर हूण राजा तोरमाणाचा लेखच आहे. मझौलीच्या बाबतीत मात्र असा राजकीय अर्थ सरळ लावणे धाडसाचे होईल.

अलीकडचे अभ्यासक पाहणाऱ्यालाही हिशेबात घेतात. स्त्रीवादी दृष्टी उद्धार होणाऱ्या भूदेवीच्या निष्क्रिय चित्रणावर बोट ठेवते, तर पर्यावरणवादी दृष्टीला त्याच कथेत संकटातली पृथ्वी दिसते. दुसरे वाचन आजचे आहे, शिल्पकाराचे नव्हे. हा फरक सांगून केले तरच ते ग्राह्य. भाविकांसाठी ही पूजेतली मूर्ती आहे. हळदकुंकू, फुले, वस्त्रे यांखाली कोरीवकाम झाकले जाते. अभ्यासकाला तो अडथळा वाटतो, पण मूर्ती घडवली गेली ती पूजेसाठीच. खजुराहोच्या वराहाच्या अंगावरील साडेसहाशेहून अधिक आकृती मोजता येतात, कारण तिथे पूजा होत नाही.