ऑपेरा मोहीम (१९८१)

इराकमधील ओसिराक अणुभट्टीवर इस्रायली हवाई दलाने ७ जून १९८१ रोजी केलेला हल्ला. इस्रायल आणि इराक यांच्या सीमा कुठेच भिडत नाहीत. मध्ये जॉर्डन आणि सौदी अरेबिया पसरलेले आहेत. त्यामुळे या मोहिमेची अर्धी गोष्ट बाँबफेकीची आहे आणि अर्धी परक्यांच्या आभाळाची.

बगदादच्या आग्नेयेस अल-तुवैथा येथे फ्रान्सच्या मदतीने ४० मेगावॉटची ही भट्टी उभी राहत होती. इराकने तिचे नाव ‘तम्मूझ-१’ ठेवले. तम्मूझ म्हणजे जुलै. १९६८ साली याच महिन्यात बाथ पक्षाने सत्ता हाती घेतली होती. भट्टी संशोधनासाठी आहे, असे इराक व फ्रान्स सांगत. उद्या तीच अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम पुरवील, अशी इस्रायलची धास्ती होती.

गंमत अशी, की या भट्टीवर पहिला हल्ला इस्रायलने नव्हे, इराणने केला. इराण-इराक युद्ध पेटून आठवडा उलटतो न उलटतो तोच, ३० सप्टेंबर १९८० रोजी इराणी फँटम विमाने तिथे बाँब टाकून गेली. नुकसान किरकोळ झाले. पुढच्या वर्षी आलेल्या एफ-१६ विमानांचे मूळ गिऱ्हाईकही इराणच होते. इराणच्या शहाने अमेरिकेकडे नोंदवलेली मागणी १९७९च्या क्रांतीनंतर बारगळली आणि इस्रायलचा नंबर अपेक्षेपेक्षा लवकर लागला.

धावपट्टीचीही तीच तऱ्हा. विमाने उडाली ती सिनाईतील एत्झियोन तळावरून, आणि १९७९च्या तहानुसार सिनाई एप्रिल १९८२ पर्यंत इजिप्तला परत करायचे होते. हल्ल्याच्या तीनच दिवस आधी इस्रायलचे पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांनी शर्म अल-शेख येथे इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांची भेट घेतली; या बेताबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. अरब जगाचा रोष पत्करून तह केलेले सादात त्यामुळे चांगलेच तोंडघशी पडले.

ताफ्यात आठ एफ-१६ आणि त्यांच्या संरक्षणासाठी सहा एफ-१५ होती. प्रत्येक एफ-१६च्या पंखांखाली सुमारे ९०० किलोचे दोन बाँब. लक्ष्य हजार किलोमीटरहून दूर असूनही हवेत इंधन भरण्याची सोय नव्हती. जादा टाक्या रिकाम्या झाल्या, की वाटेतच टाकून द्यायच्या होत्या.

अकाबाच्या आखातात जॉर्डनचे राजे हुसेन आपल्या नौकेवर सुट्टी घालवत होते. डोक्यावरून गेलेली विमाने त्यांनी पाहिली. ते स्वतः वैमानिक. विमाने कुणाची आणि कुठे निघाली आहेत, हे त्यांनी ताडले व इशारा धाडला. तो बगदादपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे सौदी वाळवंटावरून ताफा अगदी जमिनीलगत उडत गेला. सौदी अरेबियात तेव्हा अमेरिकेची टेहळणी विमाने तैनात होती, पण ती इराण-इराक युद्धासाठी आणलेली.

प्रत्यक्ष हल्ला दोन मिनिटांच्या आत आटोपला. सोळा बाँबपैकी निदान आठ भट्टीच्या घुमटावर पडले. दहा इराकी सैनिक आणि एक फ्रेंच नागरिक ठार झाले. भट्टी अजून सुरू झालेली नव्हती, म्हणून किरणोत्सर्गाचा अनर्थ टळला. सगळी विमाने सुखरूप परतली. वैमानिकांतला सर्वांत तरुण इलान रमोन पुढे अंतराळवीर झाला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या दुर्घटनेत कल्पना चावलासोबत त्याचाही अंत झाला.

राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व असते, हे १९४४च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम. सुरक्षा परिषदेने १९ जूनला ठराव क्रमांक ४८७ एकमताने संमत करून हल्ल्याचा निषेध केला. अमेरिकेनेही बाजूने मत दिले आणि काही काळ एफ-१६चा पुरवठा रोखला. ३० जूनच्या निवडणुकीत बेगिन यांच्या लिकुडला ४८ आणि विरोधी आघाडीला ४७ जागा मिळाल्या. हल्ल्याची वेळ मतदानाकडे डोळा ठेवून साधली, हा आरोप बेगिन यांना त्यानंतरही चिकटून राहिला.

इराकचा अणुकार्यक्रम संपला नाही, तो भूमिगत झाला. त्याची व्याप्ती १९९१च्या आखाती युद्धानंतर बाहेर आली. शत्रूला अण्वस्त्र बनवूच द्यायचे नाही, हे धोरण ‘बेगिन सिद्धांत’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सप्टेंबर २००७ मध्ये सीरियातील अल-किबर येथील भट्टी त्याच धोरणाखाली उद्ध्वस्त झाली. त्या वेळी इस्रायली विमानांच्या इंधनटाक्या तुर्कस्तानच्या हद्दीत सापडल्या.

एप्रिल २०२४ मध्ये इराणने इस्रायलवर ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा हुसेन यांचे पुत्र राजे अब्दुल्ला यांच्या जॉर्डनने आपल्या हद्दीत शिरलेली काही पाडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इस्रायलने इराणवर हल्ला केला. आपले आभाळ त्यासाठी वापरले गेले, अशी तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवणारा देश होता इराक.