अंशन, रेडिओ ग्राहींचे

ग्राहीच्या स्वतःच्या दोषांमुळे संकेतात निर्माण होणारी विकृती मोजून ती दूर करण्याच्या क्रियेस अंशन म्हणतात. ज्ञात संकेत ग्राहीस देऊन मिळालेले फल अपेक्षित फलाशी ताडून पाहावयाचे व आढळलेल्या फरकानुसार पुढील मापने दुरुस्त करावयाची, हे या क्रियेचे मूळ तत्त्व होय.

ई. एच. आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेटरोडाइन ग्राहीत आलेला संकेत स्थानिक आंदोलकाच्या तरंगाशी मिसळून त्याची कंप्रता कमी करतात. परंतु आंदोलकाच्या कंप्रतेच्या दुसऱ्या बाजूस तितक्याच अंतरावर असलेला नको असलेला संकेतही त्याच जागी येतो. यास प्रतिमा म्हणतात. संकेताचे दोन मार्ग करून व त्यांत ९०° कलांतर ठेवून नको असलेली बाजू वगळण्याची रीत आर. व्ही. एल. हार्टली यांच्या १९२८ च्या एकस्वात आढळते. दोन्ही मार्ग तंतोतंत सारखे असतील, तरच प्रतिमा पूर्णपणे नाहीशी होते. परमप्रसरात १% व कलेत १° इतकाच फरक राहिला, तरी प्रतिमेची शक्ती मूळ संकेताच्या सु. एक दशसहस्रांश उरते.

१९९० नंतर प्रेषक व ग्राही एकाच सिलिकॉन चिपवर घडविणे शक्य झाले. तेथील घटकांची सूक्ष्म विषमता टाळता येत नाही व तापमानानुसार ती बदलते. म्हणून प्रेषकाचा ज्ञात संकेत आतल्या आत ग्राहीकडे वळवून विषमता मोजतात व अंकीय गणिताने ती दुरुस्त करतात.

रेडिओ ज्योतिषशास्त्रात हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण तेथे संकेत अत्यंत क्षीण असतो व प्रेषक निरीक्षकाच्या ताब्यात नसतो. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये कल्याण येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी ३२ लहान अन्वस्तीय आकाशकांचा व्यतिकरणमापक उभारण्यात आला. पुढे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांचा महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) उभारला. त्यातील १४ आकाशक मध्यवर्ती चौकात व १६ तीन भुजांवर असून कमाल अंतर सु. २५ किमी. आहे. प्रत्येक आकाशकाचा लाभांक व कला निराळी असल्याने ३सी ४८, ३सी १४७ व ३सी २८६ यांसारख्या ज्ञात तीव्रतेच्या उद्गमांकडे आकाशक वळवून अंशन केले जाते.

तरीही आयनांबरामुळे कला बदलत राहते. आर. सी. जेनिसन यांनी १९५८ मध्ये दाखविले की, तीन आकाशकांच्या तीन जोड्यांतील कलांची क्रमवार बेरीज केल्यास प्रत्येक आकाशकाचा कलादोष परस्पर रद्द होतो. खोडद येथे ३० आकाशकांच्या ४३५ जोड्या होतात. दोष मात्र ३० आकाशकांचेच असतात. या अतिरिक्त माहितीच्या आधारे निरीक्षणातूनच दोष शोधण्याच्या पद्धतीस स्वयं-अंशन म्हणतात.

अंशनास मर्यादा आहे. प्रबळ पार्थिव संकेतामुळे विवर्धक संपृक्त झाल्यास हरवलेला क्षीण संकेत कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. यास्तव दूरदर्शकाच्या परिसरातील रेडिओ शांतता राखणे हे अंशनाइतकेच महत्त्वाचे ठरते.