निवडलेली टंचाई

लातूरसारख्या मुलखात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलायचे तर सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. हे अनेकांना विचित्र वाटेल. जठराचा मोठा भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया ही पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांची गोष्ट आणि मराठवाडा म्हणजे टँकर, टंचाई, ऊसतोडीचे स्थलांतर, अशी वाटणी आपल्या मनात पक्की झालेली असते. ही वाटणी चुकीची आहे आणि तिच्यामुळे माणसांचे नुकसान होते. पिढ्यान्‌पिढ्या भुकेशी जुळवून घेतलेल्या शरीराला मुबलक अन्न सर्वांत जास्त बाधते. अशा मुलखात जो माणूस शस्त्रक्रिया निवडतो, तो एक मोजूनमापून घेतलेली टंचाई जन्मभरासाठी पत्करत असतो. तिचा बंदोबस्त कोणी आणि किती वर्षे करायचा, या प्रश्नाचे उत्तर या प्रदेशाच्या इतिहासातच शोधावे लागते.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत लातूर निजामाच्या राज्यात होते. १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दोन्ही मोठ्या दुष्काळांचा फटका दख्खनच्या या पट्ट्याला बसला. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली आणि गावाची मोठी पेठ झाली. पण पेठेत धान्याची थप्पी लागणे वेगळे आणि शेतमजुराच्या चुलीवर भाकरी असणे वेगळे. १९७२ च्या दुष्काळात हा फरक उघडा पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलावांची माती उपसत होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन जगलेली पिढी अजून आपल्यात आहे. ज्या घरांनी हे पाहिले, तिथे भरलेल्या अंगाची भीती वाटण्याचे कारणच नव्हते. भरलेले अंग म्हणजे घरात दाणा आहे याचा पुरावा. भीती वाटायची ती रोडावण्याची, कारण माणूस रोडावला की क्षयाची किंवा उपासमारीची शंका पहिली यायची.

या पार्श्वभूमीवर येळवस पाहिली पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागांत गावेच्या गावे शेतात जेवायला जातात. त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत असतो. भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हंगामातल्या भाज्या बेसनात एकत्र शिजवलेला तो दाट पदार्थ आहे. ओळखीचा असो की अनोळखी, बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचे नाही हा या सणाचा प्राण. एरवी अर्धपोटी राहणाऱ्या समाजात असा एक दिवस राखून ठेवणे हे फार मोठे शहाणपण होते. भरपेटाच्या दिवसाचे मोल इतर दिवसांच्या अर्ध्या पोटावर ठरत होते. आग्रह हा त्या व्यवस्थेचाच भाग. मजूर, वाटसरू, विधवा, संकोचाने हात आखडणारा पाहुणा या सगळ्यांना वाढून घ्यायला मोकळीक मिळावी, ही त्यामागची माया होती.

मग गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या इतर दिवसांचे रूप बदलले. रेशनवर गहू-तांदूळ आला आणि रोजच्या जेवणातला ज्वारीचा वाटा घटला. करडईच्या घाण्याच्या तेलाची जागा सोयाबीन आणि पामतेलाने घेतली. करडईचे आणि ज्वारीचे रान सोयाबीनखाली गेले. मांजरा नदीच्या काठी ऊस आणि साखर कारखाने आले. बैलाच्या मागे चालणारा माणूस ट्रॅक्टरवर आणि दुचाकीवर बसला, आणि शिकवणीच्या वर्गांत दिवसचे दिवस बसून काढणारी मुले या शहराची ओळख झाली. यातली बहुतेक प्रगती हवीहवीशीच होती. तिच्यासोबत आलेला बदल मात्र आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५–०६ मध्ये देशातल्या १२.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९–२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्के झाले. त्याच काळात प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या स्त्रिया ३५.५ वरून १८.७ टक्क्यांवर आल्या. भूक गेली आणि मग लठ्ठपणा आला, असा हा सरळ क्रम नाही. दोन्ही एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात नांदतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे मागवावी लागली तेव्हाही लातुरात मधुमेहाच्या गोळ्या विकल्या जातच होत्या.

भुकेला आणि चरबीला जोडणारा धागा शरीराच्या आत आहे. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नाझी कोंडीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली. त्या वेळी गर्भात असलेल्या मुलांना पुढे प्रौढपणी साखर पचवणे जड जाते, असे तिथल्या संशोधनात आढळले. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुले यांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण ही हाडकुळी दिसणारी बाळे स्नायूंच्या बाबतीत गरीब होती. चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) तंतोतंत २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांवरून मांजरा खोऱ्याबद्दल बोलणे हे अनुमान आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य करूनही अनुमानाची दिशा स्पष्ट राहते. कोरडवाहू शेती, लहान वयातले मातृत्व, दुधा-मांसाची टंचाई या साऱ्या गोष्टी इथे पुण्यापेक्षा कमी नव्हत्या, जास्तच होत्या.

शस्त्रक्रियेचा जन्म मात्र भरल्या पोटाच्या अमेरिकेतला. १९५४ मध्ये मिनेसोटात लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून पुढचे टोक जोडण्याचा प्रयोग झाला. वजन उतरले, पण यकृत आणि मूत्रपिंडे बिघडू लागली आणि ती पद्धत सोडावी लागली. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराचाच लहान कप्पा करून तो आतड्याला जोडला. आजच्या बायपासचे मूळ ते. जठर उभे कापून केळीच्या आकाराची नळी उरवणारी ‘स्लीव्ह’ पद्धत दुर्बिणीतून होऊ लागली ती २००० च्या आसपास. तीत जठराचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग कायमचा जातो आणि त्याबरोबर भूक चेतवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे मुख्य कोठारही जाते. भारतात या शल्यविशारदांची संघटना २००२ मध्ये झाली. मराठी वृत्तपत्रांतून हा विषय घरोघरी पोचला तो २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा.

‘खाणे कमी करा, चाला, शेतात राबा, पोट कशाला कापता?’ हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि कष्टकरी मुलखात तो जास्त जोरात येतो. त्याला उत्तर देणारा पुरावा स्वीडनचा. १९८७ पासून तिथे चार हजारांवर लठ्ठ माणसांवर लक्ष ठेवले गेले. निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. पंधरा वर्षांत नेहमीच्या उपचारांतल्यांचे सरासरी वजन दोन टक्केही हलले नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी निघाले. ती दोन हजार माणसे सगळीच आळशी होती असे म्हणायला फार निर्दय मन लागेल. शरीर आपले साठवलेले वजन राखायला भूक वाढवते आणि खर्च आखडते, हेच त्यामागचे कारण. धोक्याची भीतीही तपासून घ्यावी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांतले मृत्यू हजारात तीन होते. धोका आहेच, पण ‘मरायला चाललास का’ असे म्हणण्याइतका नाही. मात्र त्याच स्वीडनच्या अभ्यासाचा दुसरा भाग सोयीने विसरला जातो. वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जाते आणि मग हळूहळू काही प्रमाणात परत येते. दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांनी मूळ वजनाच्या सुमारे पाव भागाची घट टिकवली होती, इतर पद्धतींच्या लोकांनी त्याहून बरीच कमी. जाहिरातीतली ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे पहिल्या दोन वर्षांतली असतात.

पात्रता कोणाची, हेही इतिहासानेच ठरवले आहे. १९९१ मध्ये अमेरिकेने बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५, अशी रेषा आखली. भारतीय शरीर कमी वजनातच आजारी पडते हे ओळखून आपल्या डॉक्टरांनी ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर आशियाई लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरला. तरीही २०१९ मध्ये आपल्या विमा नियामकाने पॉलिसींसाठी जी अट घातली ती ४० आणि ३५ चीच. दुष्काळी मुलखात वाढलेला, ३४ बीएमआयचा आणि साखर आटोक्यात न राहणारा माणूस या कागदावर ‘पुरेसा लठ्ठ’ ठरत नाही. मग खर्चासाठी शेत गहाण पडण्याची वेळ येते. माझ्या मते हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करणे अवघड नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे जगणे लातूरच्या ताटात ठेवून पाहिले की टंचाई या शब्दाचा नेमका अर्थ कळतो. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे सांगितले जाते. लातूर ही तुरीची आणि डाळ मिलची मोठी बाजारपेठ; म्हणजे प्रश्नच नको. पण १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रथिने साधारण २२ ग्रॅम. नुसत्या वरणावर ६० गाठायची तर पाव किलोहून अधिक डाळ लागेल आणि ती शिजून जे पातेले भरेल ते या नव्या जठरात मावणारच नाही. म्हणून शाकाहारी घरात पनीर, दही, सोयाबीन आणि प्रथिनांची पावडर आधी, भाकरी शेवटी, असा ताटाचा क्रमच उलटावा लागतो. जेवताना आंबील किंवा ताक प्यायचे नाही. पाणी जेवणाच्या आधी-नंतर, घोट घोट. ब-१२ जीवनसत्त्व फक्त प्राणिज अन्नातून मिळते आणि आपल्याकडे ते शाकाहाऱ्यांत आधीच कमी असते. जठर कापल्यावर ते शोषून घ्यायला लागणारे आम्ल आणि प्रथिनही घटते. म्हणून त्याची गोळी किंवा सुई, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दरवर्षी रक्ततपासणी हे जन्मभराचे देणे आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, पित्ताचे खडे होऊ शकतात आणि दारू घेणाऱ्याला ती पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. शिवाय गावाची नजर आहेच. उतरलेला चेहरा पाहून लोक दुखण्याची चौकशी करतात, म्हणून बरेच जण शस्त्रक्रिया लपवतात. आणि जो लपवतो तो पंगतीत नाही म्हणू शकत नाही. येळवसेला अशा पाहुण्याच्या द्रोणात दोन चमचे भज्जी वाढून गप्प राहणे, यात त्या सणाचा कसलाही भंग होत नाही. त्याच्या मुळाशी समोरच्याची गरज ओळखणेच होते.

‘आता इंजेक्शने आली, मग कापाकापी कशाला?’ असे २०२५ पासून विचारले जाते, कारण टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात त्या वर्षी आले. औषधे खरोखर प्रभावी आहेत आणि कित्येकांना त्यांनीच भागेल. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे दिसले आहे. म्हणजे पुरवठा इथेही जन्मभर हवा.

पुरवठ्याचा धडा या राज्याने एकदा घेतला होता. १९७२ नंतर महाराष्ट्राने तात्पुरत्या मदतीवर न थांबता रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. टंचाई एका हंगामात संपत नाही, हे त्यामागे ओळखलेले होते. शस्त्रक्रियेच्या बाबतीत आपण अजून खडी फोडण्याच्या टप्प्यावर आहोत. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना या शस्त्रक्रियेसाठी मालवाहू विमानाने मुंबईत आणले तेव्हा रोज किती किलो उतरले याच्या बातम्या झाल्या; सप्टेंबरात अबू धाबीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे आजार अनेक आणि गुंतागुंतीचे होते. पण आपली नजर वजनकाट्यावर खिळलेली होती एवढे खरे. लातूरचा रुग्ण पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन शस्त्रक्रिया करून येतो. पुढची तीस वर्षे तो लातुरात जगणार असतो. इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६६ पासूनचे विवेकानंद रुग्णालय आहे, शेजारी अंबाजोगाई आणि नांदेडची महाविद्यालये आहेत. या रुग्णांसाठी आठवड्यातून एक बाह्यरुग्ण विभाग आणि एक आहारतज्ज्ञ ही मागणी फार मोठी नाही.

या सोयीची सर्वाधिक गरज तरुण स्त्रियांना आहे. लग्न जमत नाही म्हणून मुलीवर शस्त्रक्रिया करायची आणि लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलण्याची वाट पाहायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही. वजन उतरले की थांबलेली पाळी सुरू होते, गर्भ लवकर राहतो आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसाही कमी होतो. बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत, असे म्हणूनच सांगतात. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणे दिसली. सरकारी केंद्रात गरोदर बाईला जी गोळी मिळते तिच्यात लोह आणि फोलिक ॲसिड असते, ब-१२ नसते. शस्त्रक्रिया झालेली बाई तपासणीला आली, तर तिच्या कार्डावर ती नोंद हवी आणि ब-१२ ची सुई त्याच केंद्रात मिळायला हवी.