घरगुती मेदमापन आणि त्यामागील प्रमाणदेह

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत अंगाने सडसडीत व कष्टाला न थकणाऱ्या माणसास ‘काटक’ म्हणतात. या शब्दात वर्णनाबरोबर प्रशस्तीही आहे. आणि अशा माणसाच्या अंगी मेद फार नसावयाचा, हेही त्यात गृहीत आहे. घरच्या वजनकाट्यावर अनवाणी उभे राहून देहातील मेदाची टक्केवारी वाचता येऊ लागल्यापासून या गृहीताची परीक्षा सुलभ झाली, असे वरकरणी वाटते. परंतु तो आकडा कोणाच्या देहावरून आला, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आपल्याकडील प्राचीन परिमाण या दृष्टीने लक्षणीय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात रक्त आठ अंजली, वसा तीन, मेद दोन आणि मज्जा एक अंजली अशी गणना आढळते. ही अंजली ज्याची त्याने स्वतःचीच घ्यावयाची. संख्या प्रयोगसिद्ध नाहीत हे उघड आहे. मात्र मोजावयाचा देह आणि मापाचा देह एकच असावा, हा विचार त्यांत आहे. मुलाच्या कमरेचा करदोडा घट्ट झाला की तो बदलणारी आजी याच न्यायाने चालत असते.

युरोपात ही दिशा बदलली. बेल्जियन गणिती आदोल्फ केतले यांनी १८३२ मध्ये प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे प्रतिपादन केले. त्यांना शोध होता तो ‘सरासरी मनुष्या’चा. त्यांच्याच गुणोत्तराला ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. दरम्यान १९४२ मध्ये अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेन्के यांनी माणसास पाण्याखाली तोलून देहाची घनता काढण्याची रीत रूढ केली. घनतेवरून मेदाचे प्रमाण सांगणारे सिरी यांचे समीकरण त्यानंतरचे. पाण्याचा हौद घरी नेता येत नाही. म्हणून डर्निन व वोमर्स्ली यांनी ग्लासगो येथे ४८१ स्त्रीपुरुषांची घनता मोजली, दंडाच्या दोन्ही बाजू, पाठीचे फरे व कंबरेच्या हाडावरील भाग या चार ठिकाणी त्वचेची घडी चिमट्याने मोजली आणि १९७४ मध्ये दोहोंचा संबंध सूत्रबद्ध केला. चिमट्याच्या साह्याने स्वतःचा मेद मोजणारा मनुष्य प्रत्यक्षात आपली तुलना बहुधा या ग्लासगोकरांशी करीत असतो. मान व कंबर यांच्या घेरांवरून मेद सांगणारे १९८४ चे सूत्र तर अमेरिकन नौसैनिकांचे होय.

विद्युत्काट्याची गोष्ट निराळी नाही. पावलांतून शिरणारा क्षीण प्रवाह पाणी व स्नायू यांतून सहज जातो, मेदातून कष्टाने. काटा मोजतो तो हा अवरोध; त्यात उंची, वय व लिंग घालून टक्केवारी काढणारे सूत्र उत्पादक बहुधा प्रसिद्ध करीत नाहीत. पावलांवरचा प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाचे केवळ अनुमान होते. शिवाय देहात पाणी कमी असेल तर अवरोध वाढतो आणि मेद आहे त्याहून अधिक दिसतो. परभणीचा पारा चाळिसाच्या वर जातो त्या वैशाखात शेतावरून आलेल्या, भेगाळलेल्या टाचांच्या माणसाने काट्यावर उभे राहून काय वाचावे, याचा विचार सूत्रकाराने केला असण्याचा संभव कमीच.

या परक्या प्रमाणदेहाला खरा छेद महाराष्ट्रातूनच गेला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचे अध्ययन आरंभिले. तेथील अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी केली असता पुण्याकडील सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर तिकडील ३.५ किलो भरले. पोटाचा व दंडाचा घेर पुष्कळच कमी होता. पण पाठीवरील त्वचेची घडी तितकी कमी नव्हती. शेतकरी मातांची ही कृश बालके स्नायूंनी उणी होती, मेद मात्र त्यांनी राखला होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ‘कृश परंतु मेदयुक्त’ भारतीय हा शब्दप्रयोग दृढ झाला.

पुढल्याच वर्षी, जानेवारी २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये, याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच देह पुराव्यादाखल मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३, क्ष-किरण तपासणीत युडकिन यांचा मेद ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२ टक्के. त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ या निर्देशांकांवरच सावधगिरी सुचविली. भारतीय वैद्यकांनी २००९ मध्ये कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ठरविली. केतल्यांच्या सरासरी मनुष्यापासून येथवर यावयास पावणेदोनशे वर्षे लागली.

यातून घरगुती यंत्रे टाकाऊ ठरत नाहीत. एकाच काट्यावर, सकाळी, उपाशीपोटी, महिनोन्महिने घेतलेले आकडे बदलाची दिशा बऱ्यापैकी दाखवितात; म्हणजे देहाची तुलना पुन्हा त्याच देहाशी होते. एकट्या आकड्यावरून मात्र काटक शेतकऱ्यास मधुमेहाच्या भयातून मुक्त समजणे धोक्याचे आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणीसह सर्व जिल्ह्यांत घरोघरी स्त्रियांच्या कंबरेचा व नितंबांचा घेर फितीने घेण्यात आला. फीत मेदाची टक्केवारी सांगत नाही. पोट किती वाढले एवढेच सांगते, आणि तेही करदोड्याच्या जागीच.