पाय दोन, पायताणं पाच

कोल्हापूरकडं 'पायताण' हा शब्द दोन कामांना येतो. एक पायात घालायला, दुसरं धमकी द्यायला. भांडणात 'पायताण काढू का?' असं कोणी म्हटलं की समोरचा समजून जातो. जी वस्तू चामड्याची, कष्टाची आणि रोजच्या उपयोगाची, तिलाच आपण अपमानाचं हत्यार केलं. या शब्दाचा इतिहास शोधायला मी निघालो, त्याचं कारण मात्र साधं होतं. माझ्याकडं पादत्राणांचे पाच जोड आहेत आणि घरी रोज विचारणा होते, "पाय दोनच हाईत न्हवं? मग हे दुकान कशाला मांडलंयस?"

पाच जोडांचा हिशोब आधी देतो. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करतो. (बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, इथं 'पंचतारांकित' म्हणजे हॉटेल नव्हे. मोठ्या आणि सोयीसुविधांनी सुसज्ज औद्योगिक क्षेत्राला एमआयडीसीनं दिलेलं ते नाव आहे.) एक जोड कामावरचा सेफ्टी शूज. तीन जोड सायकलचे: एक रोडबाइकसाठी, एक घाट आणि कच्च्या वाटांसाठी, एक पावसाळी सँडल. आणि पाचवा कापशीचा.

सायकलचे तीन जोड कशाला, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शर्यतीतले सायकलवाले चामडी बूट घालायचे. पेडलला पुढून पिंजऱ्यासारखी क्लिप आणि वरून पट्टा असायचा, त्याला 'टो क्लिप' म्हणत. पुढं बुटाच्या तळव्याला खाच असलेली पट्टी खिळ्यांनी ठोकायची पद्धत आली. ती खाच पेडलच्या कडेवर बसायची आणि पट्टा आवळला की पाय पक्का. एवढा पक्का, की पडायची वेळ आली तर आधी वाकून हातानं पट्टा सोडवावा लागे.

यातून सुटका केली ती बर्फावर घसरणाऱ्यांनी. फ्रान्समधली 'लुक' ही कंपनी स्कीला बूट अडकवायच्या खटक्या बनवायची. पाय वेडावाकडा फिरला की खटकी आपोआप सुटायची, म्हणून हाड वाचायचं. हीच युक्ती तिनं १९८४ मध्ये पेडलला लावली. टाच बाहेर वळवली की बूट सुटा. १९८५ साली बर्नार्ड इनो यानं हेच पेडल वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली आणि टो क्लिपचे दिवस भरले. गंमत म्हणजे बूट खटकन अडकणाऱ्या या पेडलचं नाव 'क्लिपलेस' पडलं, कारण जुनी टो क्लिप गेली.

लुकची क्लिट मोठी आणि तळव्याच्या बाहेर आलेली. ती तीन बोल्टनी बसते. बळ छान लागतं, पण खाली उतरून चालायचं म्हणजे फरशीवरचं बदक. डोंगरात तर सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो. म्हणून १९९० मध्ये जपानच्या शिमानोनं दोन बोल्टची छोटी क्लिट आणली. ती तळव्याच्या खोबणीत लपते, त्यामुळं बूट घालून चालताही येतं. आज दुकानात दिसणारी 'रोड' आणि 'एमटीबी' ही फाळणी तिथून आली. एकानं बळाचा विचार केला, दुसऱ्यानं उतरून चालण्याचा.

आता हे आपल्या रस्त्यावर लावून बघा. २०० किलोमीटरची ब्रेवे साडेतेरा तासांत संपवायची असते. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या आणि त्यातले दहा तास पेडल मारलं, तर ४८ हजार फेऱ्या होतात. तळवा मऊ असेल तर प्रत्येक फेरीला बूट पेडलवर वाकतो आणि सगळा दाब एका जागी येतो. दुपारपर्यंत बोटं बधिर. कडक तळवा तोच दाब पसरवतो. पण ब्रेवेत कंट्रोलवर उतरायचं असतं, टपरीवर मिसळ खायची असते, म्हणून तिथं बरेच जण दोन बोल्टवालेच बूट घालतात. आणि जुलैत गगनबावड्याकडं निघालात तर बुटात पाणी साचून पाय लिबलिबीत होतात. त्यासाठी क्लिट लागणारी सँडल मिळते. पट्ट्यांची, उघडी, पाणी आलं तसं निघून जाणारी. मला ती पायताणाचीच सायकलवाली बहीण वाटते.

हे सगळं श्रीमंती चोचले आहेत का? याचं उत्तर मला कामाच्या ठिकाणी मिळालं. औद्योगिक वसाहतीत पायांची वाटणी सायकलपेक्षा बारीक असते. भारतीय मानक १५२९८ नुसार सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीनं २०० ज्यूलचा आघात झेलायला हवा. म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत राहावीत. विजेच्या कामाला धातूची टोपी टाळतात. फाउंड्रीत नाडीचा बूट नको असतो. वितळलेला रस आत गेला तर बूट एका झटक्यात फेकून देता आला पाहिजे. टाच वळवली की सुटणारं पेडल आणि झटक्यात निघणारा फाउंड्रीचा बूट, दोन्हींमागचा विचार एकच: पाय पक्का धरा, पण वेळेला सोडा. फाउंड्रीवाल्याच्या बुटाला कोणी चोचले म्हणत नाही.

आणि हा कामाप्रमाणं पायताण करायचा विचार या मातीला नवीन नाही. कागल तालुक्यातच सेनापती कापशी हे घोरपड्यांचं गाव आहे. कोल्हापुरी चपलेच्या एका प्रकाराला त्याच गावावरून 'कापशी' म्हणतात. बक्कलनाळी, पुकरी, कचकडी ही इतर नावं. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण, बाजूला दोन कान. जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नसतो. युरोपातले सायकलवाले बुटाला खिळे ठोकत होते, तेव्हा इथला कारागीर बिनखिळ्याचा तळ बांधत होता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसलीच चप्पल दाखवली आणि आपले सगळ्यांचे फोन तापले.

पण फोन तापवताना एक गोष्ट बाजूला राहिली. बारा बलुतेदारांत चांभार होता. तो शेतकऱ्याच्या वहाणा शिवायचा, मोटेचं चामडं सांधायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. कातडं कमावणारे ढोर त्याच्याही मागं उभे. ज्या हातांनी गावाचे पाय झाकले, त्यांच्याच वस्त्यांना गावानं अस्पृश्य ठरवलं. कित्येक गावांत दलितांना वरच्या जातीच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. एका जोडाचीही चैन होती, आणि तीही दुसऱ्याच्या परवानगीनं.

शाहू महाराज जन्मानं कागलचे, घाटगे घराण्यातले. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखल्या. २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. हे माणगाव आमच्या वसाहतीपासून सायकलच्या टप्प्यात आहे. हा इतिहास वाचल्यावर पाच जोडांकडं बघायची माझी नजर बदलली. कामाप्रमाणं, वाटेप्रमाणं पायात काय घालायचं हे स्वतः ठरवता येणं, हे फार अलीकडचं स्वातंत्र्य आहे. आणि ते सगळ्यांपर्यंत अजून पोचलेलं नाही.

शिफ्ट सुटताना रस्त्यावर उभं राहून पाय बघा. सायकलीवर बरेच जण रबरी स्लीपरमध्ये असतात. कारखाना अधिनियम १९४८ चा, त्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही 'कामगार' ठरला. कागदावर त्याच्या बोटांची किंमत कायम कामगाराच्या बोटांइतकीच. म्हणून कंत्राटी पोरगा नवीन रुजू झाला की त्याला मापाचा जोड मिळाला का, हे मी विचारतो. एक नंबर मोठा जोड पायात हलतो, आणि घट्ट जोड माणूस कंटाळून काढून ठेवतो.

घरच्या प्रश्नाला आता माझ्याकडं उत्तर आहे. पाय दोनच आहेत, पण कामं पाच आहेत. पहिला सायकलचा जोड घेणार असाल तर दोन बोल्टवालाच घ्या, म्हणजे उतरून माणसांत चालता येईल. कापशीचा जोड घेताना बनवणाऱ्याचं नाव विचारा आणि भाव पाडू नका. आणि एकदा माणगावला जाऊन या. त्या रस्त्याला घाट नाही, साध्या चपलेवरही जाता येतं.