वॉशिंग्टन : एका इंग्रज आडनावाचा आठशे वर्षांचा प्रवास

१/ एक राजधानी, एक राज्य आणि असंख्य गावे व रस्ते ‘वॉशिंग्टन’ या नावाने ओळखले जातात. हे नाव मूळचे अमेरिकेचे नाही. ते उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावाचे, आणि त्या गावावरून पडलेले आडनाव आहे. आज मात्र ते लावणाऱ्या दर दहा अमेरिकनांपैकी नऊ जण कृष्णवर्णीय आहेत. हे कसे घडले, याचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/ १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये सामान्यतः माणसाला एकच नाव असे. पुढे जमिनीच्या आणि कराच्या नोंदी वाढल्या, तशी वंशपरंपरागत आडनावे रूढ झाली. ती मुख्यतः चार प्रकारची : व्यवसायावरून (स्मिथ म्हणजे लोहार), पित्यावरून (जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा), शरीराच्या वा स्वभावाच्या वैशिष्ट्यावरून (शॉर्ट म्हणजे बुटका) आणि गावावरून.

३/ गावावरून आडनाव ही रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लागतो, तर नॉर्मन सरदार गावाच्या नावाआधी ‘द’ लावीत. ईशान्य इंग्लंडात वेअर नदीजवळ वॉशिंग्टन नावाचे गाव होते. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे वाडी. गावाच्या नावाचा अर्थ साधारण असा : वासा नावाच्या कुणा पुरुषाच्या माणसांची वाडी.

४/ ११८३ साली डरहॅमचा बिशप ह्यू द प्युझे याने आपल्या मुलखातील जमिनी व देणी यांची मोजदाद करविली. ‘बोल्डन बुक’ नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत विल्यम द हर्टबर्न या जमीनदाराची नोंद आहे. त्याने आपले हर्टबर्न गाव बिशपला देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतले. त्यापोटी त्याने चार पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीत चार ग्रेहाउंड कुत्री घेऊन हजर राहायचे, असे ठरले.

५/ जमीन बदलली, तसे आडनावही बदलले. ‘द हर्टबर्न’ घराणे ‘द वेसिंग्टन’ झाले. पुढे ‘द’ गळून पडला आणि वर्णलेखन स्थिरावत ‘वॉशिंग्टन’ उरले. ही अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेच्या राजधानीचे नाव कदाचित हर्टबर्न असते. या टप्प्यावर आडनावाचा अर्थ एवढाच होता : अमुक जमीन कोणाच्या ताब्यात आहे.

६/ घराण्याच्या शाखा दक्षिणेकडे पसरल्या. चौदाव्या शतकापर्यंत त्यांचे कुलचिन्ह ठरले होते : पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबड्या चांदण्या. हेच चिन्ह १९३८ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.चा अधिकृत ध्वज झाले.

७/ लँकेशायरमधील शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात श्रीमंत झाला आणि १५३२ मध्ये त्या शहराचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्हची जहागीर सुमारे ३२४ पौंडांना विकत घेतली. त्याने बांधलेला वाडा आजही उभा आहे.

८/ याच वंशातील आणखी एक लॉरेन्स वॉशिंग्टन एसेक्समधील पर्ले गावी धर्मगुरू होता. यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, पार्लमेंटच्या पक्षाने त्याला पदावरून हटवले. तो नेहमी मद्यालयांत बसतो, असा त्याच्यावर ठपका होता. पण तो राजनिष्ठ असणे हेही त्यामागचे मोठे कारण होते. कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली.

९/ त्याचा मुलगा जॉन एका व्यापारी जहाजावर अधिकारी म्हणून तंबाखूच्या व्यापारासाठी व्हर्जिनियाला गेला. १६५७ च्या सुरुवातीस ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले आणि जॉन तेथेच राहिला. तेथील एका सधन जमीनदाराच्या मुलीशी त्याने विवाह केला. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हा या जॉनचा पणतू.

१०/ जॉर्जचा जन्म १७३२ चा. अकराव्या वर्षी वडील वारले, तेव्हा त्याच्या वाट्याला वारसाहक्काने दहा गुलाम आले. १७९९ मध्ये त्याच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यांवर ३१७ गुलाम राबत होते. त्या वर्षी त्याने केलेल्या यादीत त्यांची नोंद बहुतांशी एकेरी नावाने आहे. आडनाव हे मालकांचे असे. यादीतल्या माणसांना त्याची गरज आहे, असे मालकांना वाटत नसे.

११/ त्यांच्यातल्याच एका माणसाने हे आडनाव आपले म्हणून लावले. हॅरी मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. जॉर्जने त्याला १७६३ च्या सुमारास विकत घेतले. १७७६ मध्ये, अमेरिका स्वातंत्र्य घोषित करत असताना, हॅरी माउंट व्हर्ननहून पळाला आणि ब्रिटिशांना जाऊन मिळाला, कारण बंडखोर मालकांच्या गुलामांना ब्रिटिशांनी मुक्ततेचे वचन दिले होते.

१२/ युद्ध संपल्यावर, मे १७८३ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती गाय कार्लटनकडे पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटनने नकार दिला. न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांची ब्रिटिशांनी जी नोंदवही केली, तीत ‘हॅरी वॉशिंग्टन, वय ४३’ अशी नोंद आहे. तो जनरल वॉशिंग्टनकडून सात वर्षांपूर्वी निघून आल्याचेही तेथे नमूद आहे.

१३/ हॅरी नोव्हा स्कोशियाला गेला. तेथून १७९२ मध्ये सुमारे १,२०० कृष्णवर्णीय सिएरा लिओनला स्थलांतरित झाले, त्यांत तोही होता. तेथे कंपनी सरकारने जमिनीवर सारा लादला. वसाहतकऱ्यांना तो अन्याय्य वाटला आणि १८०० मध्ये त्यांनी बंड केले. हॅरी त्यात सामील होता. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. करांविरुद्ध उठलेला पहिला वॉशिंग्टन तेव्हा नुकताच, डिसेंबर १७९९ मध्ये, निवर्तला होता.

१४/ जॉर्ज निपुत्रिक होता. आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नी मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. मार्थाने त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले. परंतु १५३ जण तिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते. कायद्याने त्यांना मुक्त करता येत नव्हते. ते पुढे वारसांत वाटले गेले. मुक्त व बंदिस्त अशी विवाहित जोडपी यामुळे दुभंगली.

१५/ १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. मजुरीचे करार, विवाहनोंदणी, शाळा या सर्वांसाठी आता आडनाव हवे होते. १८७० च्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची प्रथमच सरसकट नावानिशी नोंद झाली. कित्येक कुटुंबांत आपापसांत वापरली जाणारी आडनावे आधीपासून होतीच. ती आता कागदावर आली. काहींनी जुन्या मालकाचे घेतले, काहींनी ते मुद्दाम टाळले, तर काहींनी राष्ट्राच्या संस्थापकाचे स्वीकारले.

१६/ ‘वॉशिंग्टन’ लावणारे सारे माउंट व्हर्ननच्या गुलामांचे वंशज, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बुकरचे. १८५६ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेला हा मुलगा मुक्तीनंतर शाळेत गेला. हजेरी घेताना प्रत्येक मुलाला किमान दोन नावे असल्याचे त्याने ऐकले. त्याच्यापाशी एकच होते. आपली पाळी येताच त्याने शांतपणे सांगितले : बुकर वॉशिंग्टन.

१७/ त्याच्या सावत्र वडिलांचे नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन होते. आईने जन्मतः आपल्याला ‘टॅलियाफेरो’ हेही नाव दिले होते, असे त्याला पुढे कळले आणि तो बुकर टी. वॉशिंग्टन झाला. १८८१ पासून त्याने अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांची विख्यात शिक्षणसंस्था उभी केली. स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा असा मान फार थोड्यांना मिळतो, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

१८/ अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत ‘वॉशिंग्टन’ आडनावाची १,६३,०३६ माणसे होती. त्यांतील सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय, तर सुमारे ५ टक्के श्वेतवर्णीय. विल्यमला हे नाव जमिनीच्या अदलाबदलीतून मिळाले आणि जॉर्जला जन्माने. हॅरीने ते पळून जाऊन आपलेसे केले, बुकरने वर्गात उभे राहून. आज हे आडनाव टिकून आहे ते मुख्यतः त्यांच्यासारख्यांच्या वंशजांमुळे. #थ्रेडसमाप्त