माहेरचं आडनाव आणि स्कॉटलंडची दप्तरं

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला आहे. त्यात सात पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत. पणजीचं मात्र फक्त सासरचं नाव. तिचं माहेर कुठलं, हे सांगणारं आता इंदुरात कुणी उरलं नाही. नोंदी सांभाळणं हीच माझी नोकरी, म्हणून हे जास्त खुपतं. त्यामुळे स्कॉटलंडमधले लोक पूर्वज कसे शोधतात, हे वाचताना मी थबकलो.

तिथे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या वडिलांबरोबर आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनावही लिहीत. १८६० साली ऐंशीव्या वर्षी वारलेल्या म्हाताऱ्याची नोंद सापडली, की आपण अठराव्या शतकातल्या त्याच्या आईपर्यंत पोहोचतो. अर्थात माहिती देणाऱ्याला ती ठाऊक असेल तर! पहिल्या वर्षी तर जन्माच्या नोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळंच विचारलं. हे काम झेपेना, म्हणून १८५६ पासून बरेच रकाने गेले. कारकुनांबद्दल मला सहानुभूती आहे. लग्नाचा रकाना १८६१ ला परत आला.

१८५५ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. सर्वांत जुनी एरल गावची, १५५३ ची. बाप्तिस्मा, लग्नाआधीची चर्चमधली घोषणा, क्वचित दफन. लिहिणारा पुष्कळदा गावचा शाळामास्तर. स्त्रीची नोंद तिथेही सहसा माहेरच्याच आडनावाने. पण वह्यांना भोकंही फार. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला. तो १७९४ ला उठेपर्यंत अनेकांनी नोंदच टाळली. १८४३ मध्ये चर्च फुटलं, चारशेहून अधिक धर्मगुरू बाहेर पडले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सनही त्याच बाजूला गेले. त्या कुटुंबांची मुलं जुन्या वहीत नसतात, नव्या चर्चच्या वहीत शोधावी लागतात.

अशा वेळी नावं कामी येतात. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायची तिथे रीत होती. सगळे पाळत नसत, पण कुठल्या घरी चौकशी करावी याचा अंदाज येतो.

आमचे पणजोबा त्र्यंबकेश्वरला सहकुटुंब गेले होते, एवढं घरात सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या उपाध्यायांची वही पाहायला जाणार आहे.